शिकागो मंदीत, नांदेड तेजीत

लातूरच्या आडत बाजारात सकाळी सौदा निघायच्या आधी दोनच चौकशा होतात. आवक किती, आणि शिकागो काय म्हणतंय? शिकागो तेज असलं की चहा दोनदा येतो. मंद असलं की मुनीम मान खाली घालून मुकाट्यानं पट्ट्या लिहितो. यातल्या कुणीही शिकागो पाहिलेलं नसतं आणि पाहायची गरजही कुणाला वाटलेली नाही.

अशाच एका आडत दुकानदाराचा, म्हणजे आप्पांचा, मुलगा 'लातूर पॅटर्न'मधून घासूनपुसून निघाला, संगणक शिकला आणि नेमका शिकागोशेजारच्या नेपरव्हिलला नोकरीला लागला. आप्पांनी बाजारात पेढे वाटले. पोराच्या पगारापेक्षा आता आतली बातमी मिळणार याचा आनंद मोठा होता. पोरानं मात्र बायको नांदेडची केली. दोन गावांत अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण विभागीय आयुक्तालय कुणाच्या दारात यावं यावरून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. त्यामुळे त्या घरात साधा फ्रीज कुठं ठेवायचा हा प्रश्नही मुख्यालयाच्या पातळीवर लढवला जातो.

2025 च्या ऑक्टोबरात दोघांनी सुट्टी टाकली. बरोबरचे मराठी लोक अशा सुट्टीत डोंगर नाहीतर समुद्र गाठतात. यांनी सपाट जमीन निवडली: इलिनॉय, मग सबंध आयोवा आणि शेवटी साउथ डकोटातलं मिचेल. कारण आप्पा. सोयाबीनची रास तिकडंही दसरा-दिवाळीच्या सुमाराला पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "कसं काढायलेत, किती उतरायलं, सगळं बघून या," असा हुकूम सुटला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातलं अर्धं सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि बाजारात येणारा माल डागी, ओला. म्हाताऱ्याला दुसऱ्या कुणाचं तरी कोरडं रान पाहायचं होतं.

गाडी बायको चालवणार होती. नांदेडच्या रस्त्यावर जी शिकली, तिला शिकागो काय घाबरवणार! फोनवर सासरे असले की ती नवऱ्याला "अहो, नकाशा बघता का?" म्हणे, आणि फोन ठेवला की लगेच, "अरे झोपलास का? वळण गेलं ना!"

पहिला मुक्काम अर्थातच लासाल स्ट्रीट. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड 1848 सालचं. त्याची आताची इमारत 1930 ची, आणि तिच्या टोकावर धान्यदेवी सेरीझचा पुतळा उभा आहे. देवीला चेहरा नाही. इतक्या उंचावर तोंड कोण पाहणार, असा विचार करून शिल्पकार जॉन स्टॉर्सनं तो कोरलाच नाही. आप्पांना व्हिडिओवर हे दाखवलं, तर ते म्हणाले, "बरोबरय. भाव पाडणाऱ्यानं तोंड कशाला दाखवावं?"

मग त्यांनी बोली कुठं चालली आहे ते दाखवायला सांगितलं. इथं पंचाईत झाली. हात नाचवत ओरडणाऱ्या दलालांचे वायद्याचे कट्टे 2015 साली बहुतेक बंद पडले आणि सगळा सौदा संगणकात गेला. सकाळचे साडेआठ वाजले, म्हणजे लातुरात संध्याकाळचे सात. जगातल्या सोयाबीनचा भाव खुला झाला आणि रस्त्यावर एक माणूस कुत्रं फिरवत होता. एकेक वायदा 5,000 बुशेलचा, म्हणजे साधारण 1,360 क्विंटलचा. पण ना पोतं, ना हमाल, ना मापाडी. "मातेरं तरी कुठं सांडलंय का बघ," आप्पा म्हणाले. तेही नव्हतं.

खरं तर लातूरच्या सोयाबीनचं माहेर याच राज्यातलं. भारतात सोयाबीन पसरलं ते 1960 च्या दशकात, पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांतून, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं. माहेरानं लेक दिली आणि दर हंगामात भाव पाडून छळ मात्र चालूच ठेवला, असा आप्पांचा आरोप आहे. तो सर्वस्वी न्याय्य नाही. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीननं क्विंटलला 10,000 रुपये पाहिले आणि त्याच महिन्यात 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, ती दिल्लीहून.

मोलिनला जॉन डिअर कंपनीचं प्रदर्शन आहे. तिथं नवरा हिरव्या यंत्रांवर चढून फोटो काढत राहिला. बायकोनं मात्र एका पाटीसमोर बराच वेळ काढला. इकडची प्रेअरीची काळी माती इतकी चिकट की पूर्वेकडून आणलेला बिडाचा नांगर दर चार पावलांना थांबवून खरवडावा लागे. 1837 साली डिअर नावाच्या लोहारानं मोडक्या करवतीच्या पोलादाचा गुळगुळीत फाळ केला, माती आपोआप सुटू लागली आणि माणसाचं भलं झालं. मृगाच्या पावसानंतर कंधारच्या रानात ज्यानं चपला हातात घेतल्या आहेत, त्याला या शोधाचं मोल वेगळं सांगायला नको. हीच कंपनी आता पुण्याजवळ सणसवाडीत ट्रॅक्टर बनवते, हे नवऱ्यानं आवर्जून सांगितलं. "सणसवाडी लातूर जिल्ह्यात आहे का?" तिनं विचारलं.

पुढं मिसिसिपी लागली. पुलाखालून पाणी जातंय, जातंय, जातच आहे. ती म्हणाली, "गोदावरीची आठवण आली." नवरा काहीच बोलला नाही. ज्या गावाला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं, तिथला माणूस नदीवर मत देत नाही. तो मनातल्या मनात टीएमसी मोजतो.

नवऱ्याच्या गर्वाचा खरा निकाल लागला वॉलकॉटला. महामार्गावर 1964 पासून जगातला सर्वात मोठा म्हणवून घेणारा ट्रकचा थांबा तिथं आहे. पेट्रोल, जेवण, न्हावी, दंतवैद्य, सगळं एका छताखाली. कॉफीच्या रांगेत पुढं एक सरदारजी उभे होते. अमेरिकेत लांब पल्ल्याचे ट्रक चालवणाऱ्यांत पंजाबी आता ठायी ठायी भेटतात. कुठले, असं त्यांनी हिंदीत विचारलं. ती म्हणाली, "नांदेड."

सरदारजींनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "हजूर साहिब!" गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथं देह ठेवला त्या गावची लेक आयोवाच्या पेट्रोलपंपावर उभी आहे, हे त्यांनी मागच्या दोघांनाही सांगितलं. तेही सरदारजीच निघाले. तिघांनी मिळून कॉफी दिली, ट्रकमधल्या डब्यातले मेथीचे पराठे दिले, पुढच्या रस्त्याला हरणं आडवी येतात म्हणून जपून जायला बजावलं. मग शिष्टाचार म्हणून नवऱ्यालाही गाव विचारलं.

"लातूर."

कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यानं भूकंप सांगितला, रेल्वेच्या डब्यांचा कारखाना सांगितला, राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरचे अधीश्वर म्हणवून घेत, हेही सांगितलं. सरदारजींनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हजूर साहिब के पास पडता है?"

त्याला "हां जी" म्हणावं लागलं. पुढचे पन्नास मैल गाडीत फक्त पराठ्याचा वास होता.

आयोवात रस्ता चुकणं अवघड आहे. 1785 च्या कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीनं या मुलखाची एक-एक मैलाच्या चौकोनांत मोजणी झाली. चौकोन 640 एकरांचा, रस्ते त्याच्या कडांनी, आणि वळण आलंच तर काटकोनात. गंजगोलाईत 16 रस्ते एकत्र येतात आणि त्यातला आपला कुठला हे लातूरकरालाही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. त्यात वाढलेल्या माणसाला इथं तासाभरात झोप येते. डावीकडं मका, उजवीकडं सोयाबीन, मग अदलाबदल. अधूनमधून डुकरांच्या लांबलचक शेडचा वास काचा बंद असतानाही आत येतो. राज्यात माणसांच्या सातपट डुकरं आहेत. माणूस मात्र शिवारात दिसत नाही. ना बांधावर भाकरी घेऊन निघालेली बाई, ना बैल, ना बांध!

शेवटी धूळ उडवणारा एक हार्वेस्टर दिसला आणि गाडी कडेला लागली. शेतकरी साठीचा. त्यानं दोघांना पाळीपाळीनं केबिनमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसवून एक फेरी मारून आणली. आप्पा फोनवर होतेच. प्रश्न लातूरहून, भाषांतर नांदेडचं.

"एकराला उतारा?" पन्नास-पंचावन्न बुशेल, म्हणजे चौदा-पंधरा क्विंटल. लातुरात चांगल्या साली सात-आठ आले तरी लोक वळून बघतात. फोनवर थोडी शांतता.

"काढणीचं उक्तं काय?" उक्तं नव्हतंच. तो, त्याचा मुलगा आणि यंत्र.

"मग भाव?"

इथं शेतकऱ्यानं यंत्र थांबवलं. खिशातून मोबाइल काढला, शिकागोचा आकडा दाखवला आणि जे काही बोलला त्याचं सुनेनं सासऱ्यांसाठी बरंच सौम्य भाषांतर केलं. उत्पादनखर्च निघत नाही. चीननं या हंगामात खरेदीच थांबवली. खत महाग, बियाणं महाग, आणि दर ठरवणाऱ्यांनी आयुष्यात रान पाहिलेलं नाही. आप्पांचा आवाज एकदम उजळला. 5,328 रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून बरंच खाली विकावं लागतं, ही आपली कर्मकथा त्यांनी त्याला सविस्तर ऐकवली. दोघंही जाम खूश झाले.

मूळची प्रेअरी शोधायला प्रेअरी सिटीजवळ नील स्मिथ अभयारण्यात जावं लागतं. नांगर येण्याआधी आयोवाचा बहुतेक भाग पुरुषभर उंचीच्या गवतानं झाकलेला होता. त्यातलं आता हजारात एक हिस्साही उरलेलं नाही. इथं ते पुन्हा पेरून वाढवलं आहे आणि त्यात बायसन सोडले आहेत. नवरा म्हणाला, "एवढी काळी जमीन पडीक!" पुढं त्यानं एकरी किती नुकसान याचा हिशेबही काढला. तोवर ती गवतात शिरून दिसेनाशी झाली होती.

मिचेलचा कॉर्न पॅलेस म्हणजे कणसांनी मढवलेला महाल. पहिला 1892 चा. रंगीबेरंगी मक्याची कणसं दुभंगून भिंतींवर चित्रं जडवतात आणि ती वेळोवेळी बदलतात. आत बास्केटबॉलचं मैदान, बाहेर पाखरांची पंगत. मराठवाड्यातल्या महालक्ष्म्यांच्या आराशीला नगरपालिकेचा निधी मिळाला तर असंच काहीतरी होईल. तिनं मन लावून पाहिलं. तो मात्र दाणे किती वाया गेले याचा अंदाज घेत होता.

परतताना मिचेलच्या बाहेर त्यानं ओरडून गाडी थांबवायला लावली. "ज्वारी!" होती ती ज्वारीच, पण कमरेइतकी बुटकी, लाल कणसांची. आप्पांना धक्का बसला तो वेगळाच: "मग कडबा कुठंय? जनावरं काय खातात?" जनावरं ज्वारीच खातात, हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

भाकरीची तलफ दाटून आली. जवळच्या धान्यकोठ्यावर दोघं गेले आणि पाच किलो ज्वारी मागितली. तिथल्या माणसानं ट्रकच्या काट्याकडं पाहिलं, मग यांच्याकडं. काटा एवढं कमी दाखवत नाही, असं म्हणून त्यानं बादलीभर फुकट दिली. फुकट माल उचलणं नवऱ्याच्या तत्त्वात बसेना. शेवटी त्यानं पाच डॉलर टेबलावर ठेवले, पावती मागितली आणि त्या माणसानं कॅलेंडरच्या मागं ती लिहूनही दिली.

रात्री फोनवर आप्पांचा एकच प्रश्न आला. "ओलावा?" चौदा टक्के, कोठ्यावर यंत्रानं मोजला होता. "दळू नका. वाळवा."

म्हणून आयोवा परत ओलांडताना गाडीच्या मागच्या काचेखाली टॉवेल पसरला होता आणि त्यावर ज्वारी. ती दर थांब्यावर हात फिरवून दाणे वरखाली करी, तो पाखरं हाकली. डी मॉइनच्या पुढं तिनं एक दाणा दाताखाली धरला, कट्ट असा फोडला आणि सांगितलं, "बारा." लातूरहून आप्पांनी तो आकडा वहीत लिहून घेतला, मोजणी नांदेडची असूनही.