मधली तेरा

देवाच्या दर्शनाला जाताना आत देव कोणता आहे, एवढी तरी चौकशी करून जावं. मी केली नव्हती.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक जुने ॲनिमेटर राहतात. दूरदर्शनवर कार्टूनं यायची ना, तसली काढायचे." दूरदर्शन म्हटलं की माझ्या डोक्यात एकच फिल्म: 'एक अनेक और एकता'. शिकाऱ्याचं जाळं घेऊन उडालेली पाखरं आम्ही वाड्यातल्या पोरांनी शेजाऱ्यांच्या खिडकीतून पाहिली होती. आम्ही अनेक, खिडकी एक. त्या पाखरांपायीच मी गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात शिडी चढणारा माणूस काढायला लागलो. पानं फरफर सोडली की तो चढायचा. दोनशे पानी वही संपता संपता तो गच्चीवर पोचला आणि मी सहामाहीत खाली आलो.

फोन केला. "दोन ते चार मी झोपतो. साडेचारला चहा. या."

काकूंनी दार उघडलं आणि बाकरवडीचा पुडा ताब्यात घेतला. "त्यांना दात नाहीत. मला आहेत."

लोकलमध्ये पाठ केलेलं भाषण मी सुरू केलं. पाखरं, बालपण, वही, सहामाही, सगळं. काका टक लावून बघत होते. मधूनच मान तिरकी करत. इतकं मन लावून माझं बोलणं घरीही कुणी ऐकत नाही. पाव तासाने थांबलो.

"छान," काका म्हणाले. "पण ती पाखरं भीमसेन यांची. १९७४ सालची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं."

"मग आपण...?"

"मी म्हैस."

लसीकरणाच्या एका माहितीपटात मागून एक म्हैस जाते, ती काकांची. "चार सेकंद जाते," काकूंनी आतून माहिती पुरवली. माझ्या चेहऱ्यावर 'चारच?' उमटलं असावं. काकांनी हिशेब मांडला: सेकंदाला २४ फ्रेम, चार सेकंदांच्या ९६. एक चित्र दोन फ्रेमना चालवलं तरी ४८ म्हशी. "साहेब म्हणाले, चार पावलं काढ आणि तीच फिरव. मी म्हटलं, म्हैस दोनदा सारखी चालत नाही." पुढे शूटिंग झालं आणि खर्च वाचवायला सेल, म्हणजे चित्रं उतरवलेले पारदर्शक कागद, धुऊन दुसऱ्या कामाला घेतले. "म्हैस धुतली माझी," ते म्हणाले. हसावं की नाही, ते कळेना.

पेन्सिलीची चित्रं मात्र ट्रंकेत होती. काकांनी टेबलातली काच खालून उजळली, भोकं पाडलेले कागद खुंट्यांत अडकवले, डाव्या हाताच्या बोटांत चार-पाच पानं धरली आणि एकेक करून सोडली. म्हैस चालली. आधी खांदा खचला, मग पाय टेकला, आणि तो चिखलातच टेकला हे चिखल न काढता दिसलं. मी पाखरं विसरलो.

ही विद्या कुठून आली, तेही काकांनी सांगितलं. १९५६मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली राम मोहन वगैरे मंडळी तयार झाली आणि १९५७मध्ये 'द बॅनियन डिअर' ही कार्टून फिल्म निघाली. काका त्यांच्यानंतरचे, शिष्यांचे शिष्य. "वीक्स 'बॅम्बी'वर काम केलेला माणूस. हरीण त्याच्याकडून आलं. म्हैस आम्हालाच शोधावी लागली."

मग एकदम म्हणाले, "जरा उठा बघू."

मी उठलो. फोटो काढणार असतील, म्हणून शर्टही खोचला.

"बसा. परत उठा."

असं सहा वेळा. चौथ्यांदा गुडघा वाजला. "हं, हेच!" काका खूश झाले. "तुम्ही आधी गुडघ्यावर हात ठेवता. मग पोट पुढे येतं. मग तुम्ही येता." पाव तास ते काय ऐकत होते, ते आता मला कळलं.

सहीसाठी नेलेली वही मी पुढे केली. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि पाच कागद हातात दिले. कागदांवर मी, खुर्चीतून उठताना. आकडे १, ५, ९, १३, १८. कडेला मधल्या चित्रांचं अंतर दाखवणारी आडव्या रेघांची छोटी पट्टी.

"दीड सेकंदात उठता तुम्ही. अठरा चित्रं. मधली तेरा तुमची. वहीत माणूस चढवत होतात ना?"

याला दोन महिने झाले. मी सातव्यावर आहे. सहाव्यात पोट सुटतं, सातव्यात आत जातं. भराभर उलटलं की मी उठतोय असं न वाटता कुणीतरी माझ्यात सायकलच्या पंपाने हवा भरतंय असं दिसतं. बायकोला सातवं आवडलं. शेवटी काकांना फोन केला.

"सातवं खोटं आहे," न बघताच ते म्हणाले. "पोट कागदावर कमी करू नका. साडेचारला घेऊन या."

मागून काकूंचा आवाज आला, "अर्धा किलो म्हणावं."