दानशूर कास्तकारांचे ओटाव्याला अनावृत पत्र

प्रति,
मा. स्थलांतर मंत्री, कॅनडा सरकार, ओटावा

मंत्रिमहोदय,


जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खात्याने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षी साधारण ३ लाख ६० हजार परवाने, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. आता २०२६ साठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचा आकडा तुम्ही १ लाख ५५ हजारांवर आणला आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आम्हा पालकांचा या निर्णयाला पूर्ण पाठिंबा आहे. तुमच्याकडे घरे कमी पडतात, भाडी वाढतात, दवाखान्यात नंबर लागत नाही, आणि या सगळ्याला आमची पोट्टी जबाबदार आहेत, हे आम्हाला मान्य आहे. क्षेत्रफळात जगात दुसऱ्या क्रमांकाच्या देशात दर्यापूरचा एक पोरगा तळघरात राहायला गेला की किती दाटी होते, याची कल्पना आम्हाला इथे बसूनही येते.

पत्राचे कारण वेगळे आहे. आम्हाला पावती हवी आहे.

२०१९ साली ऑन्टॅरिओच्या सरकारने तिथल्या मुलांची फी १० टक्क्यांनी उतरवली आणि तिथेच गोठवून टाकली. मतदार खूश झाले. कॉलेजांच्या तिजोरीत पडलेला खड्डा मात्र कोणी तरी भरायला हवा होता. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला असे कुलूप नव्हते; ती स्थानिक मुलाच्या फीच्या कितीतरी पट लावता येत होती. मग काय, वर्ग भरू लागले. २०२३ अखेर तुमच्या देशात शिक्षणाचा परवाना असलेले १० लाखांवर लोक होते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा भारताचा होता. किचनरच्या एकट्या कोनेस्टोगा कॉलेजच्या नावावर त्या वर्षी ३० हजारांहून जास्त परवाने निघाले.

म्हणजे ऑन्टॅरिओतल्या पोरांची फी स्वस्त ठेवण्याचा खर्च आम्ही उचलला. आमच्याकडे शाळेला साधा पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर देणाऱ्याचे नाव रंगवतात. अंजनगाव सुर्जीच्या कास्तकाराने तुमच्या उच्चशिक्षणाला एवढा हातभार लावला. पण कुठे कोनशिला नाही, स्नेहसंमेलनाला बोलावणे नाही, आयकरात ८०जी ची सवलतही नाही. आता परदेशी मुले कमी झाल्यावर तिथल्या कॉलेजांत अभ्यासक्रम बंद पडताहेत, नोकरकपात चालू आहे, असे वाचतो. देणगीदार गेला की आमच्या संस्था निदान त्याच्या फोटोला हार तरी घालतात.

बरे, परवान्याआधीच दाखवायची राहण्या-खाण्याच्या खर्चाची रक्कम. ती वर्षानुवर्षे १० हजार डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून तुम्ही ती २०,६३५ केली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. फी वेगळी, विमान वेगळे. एवढी रक्कम उभी करायची तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने अडीचशे क्विंटलांहून जास्त सोयाबीन विकावे लागते. हमीभाव मिळाला तर, असे पुढे लिहायची आमच्याकडे रीत आहे.

परवान्याच्या अर्जाला जोडायच्या प्रांताच्या दाखलापत्राची तक्रार नाही. रहिवासी, उत्पन्न, जात, नॉन-क्रिमिलेअर असे दाखले काढून काढून आमची पोरे तयार झालेली असतात; त्यात एकाची भर. पण ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तुम्ही परवान्याचा जलद मार्ग बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी बंदही केला, तेव्हा मात्र अमरावतीच्या पंचवटी चौकात चहा पिता पिता बरेच जण दचकले. ८ नोव्हेंबर या तारखेचा आम्हाला २०१६ च्या नोटाबंदीपासून अनुभव आहे.

हे करणारे तुम्ही एकटे नाही, हेही नमूद करतो. ऑस्ट्रेलियाने २०२५ साठी २ लाख ७० हजारांची रेघ ओढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने नऊ विद्यापीठांपुढे करारनामा ठेवला : पदवीच्या वर्गात परदेशी १५ टक्क्यांवर नकोत, एका देशाचे ५ टक्क्यांवर नकोत. एमआयटीने सर्वांत आधी नाही म्हटले. तशी हिंमत श्रीमंत संस्थेला परवडते.

आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहोत? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच आमच्या विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के वाढीव जागा ठेवायची मुभा दिली. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत अख्ख्या भारतात परदेशी विद्यार्थी होते सुमारे ४७ हजार. म्हणजे एकट्या कोनेस्टोगाचे एका वर्षाचे परवाने त्याच्या निम्म्याहून जास्त. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या फाटकावर टोरोंटोची पोरे रांग लावून उभी आहेत आणि कुलसचिव त्यांना मर्यादा समजावून सांगताहेत, असे दृश्य अद्याप दिसलेले नाही. आमची पोरे गाव सोडतात ती काही तुमच्या बर्फाच्या ओढीने नव्हे. इंजिनीअर झालेल्याला नांदगाव पेठच्या एमआयडीसीत जागा मिळत नाही, मग पुणे, आणि पुण्यातही जमले नाही की एजंटचे दुकान.

ज्यांचे नाव या विद्यापीठाला दिले, ते गाडगेबाबा कीर्तनात दोन गोष्टी आवर्जून सांगत : कर्ज काढू नका आणि मुलांना शिकवा. दोन्ही एकदम पाळायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १९२० साली ते विलायतेला गेले, एडिंबरा-ऑक्सफर्डला शिकले, वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून बॅरिस्टरीसह परतले, अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते. त्यांना प्रवेश देणाऱ्याने त्यांच्याकडे बजेटची तूट भरून काढणारा म्हणून पाहिले नव्हते. फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

किती विद्यार्थी घ्यायचे हा हक्क तुमचाच. त्यावर वाद नाही. पण आकडा आधी ठरवायचा असतो आणि पैसे नंतर घ्यायचे असतात. तुम्ही आधी पैसे घेतले, मग मोजणी केली, आणि जास्त भरले म्हणून बोल लावला तो पाहुण्याला. मर्यादा घालायचीच तर परदेशी फीवरही घाला. मग कॉलेजे आपोआप तेवढीच पोरे घेतील जेवढ्यांना शिकवता येते.

पावतीची वाट पाहतो.

आपले नम्र,
कर्जाच्या कागदांवर सह्या केलेले वऱ्हाडातले पालक

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या आमच्या गाववाल्यांसाठी : एजंटला कॉलेजकडून कमिशन मिळते. सातबारा बँकेत नेण्याआधी ते कॉलेज मान्यतेच्या यादीत आहे का आणि तो कोर्स संपल्यावर कामाचा परवाना मिळतो का, हे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. पोरीला-पोराला शेजारी बसवून पाहा, आणि मगच सही करा.