वीणा खाली ठेवायची नसते

यात्रेच्या छापील पत्रकात बुऱ्हाणपूर नव्हतंच. शेगाव, मुक्ताईनगर, इच्छापूरची इच्छादेवी, ओंकारेश्वर, महेश्वर आणि शेवटी उज्जैन, असा कार्यक्रम होता. 'प्रवासात अखंड नामस्मरण' ही ओळ पत्रकात ठळक अक्षरांत होती म्हणे. पैसे भरताना बायकोने ती वाचली आणि मी फक्त 'पुशबॅक सीट' एवढंच वाचलं. त्यामुळे शेगावपासून मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेत होतो आणि मागच्या सीटवरच्या काकू ऐन कानाशी टाळ वाजवून ते उतरवत होत्या.

इच्छादेवीच्या पायऱ्या चढून-उतरून सगळ्यांचे गुडघे बोलायला लागले होते, तेवढ्यात बुऱ्हाणपूरच्या तोंडाशी बसचा पाटा तुटला. यात्रेचे प्रमुख, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते खाली उतरले, वाकले, आणि वर येऊन म्हणाले, "मुक्ताईची इच्छा! आता उद्या सकाळपर्यंत मुक्काम इथेच. ज्यांना गाव बघायचंय त्यांनी स्वखर्चाने बघावं. संध्याकाळी सहाला हरिपाठ. ठिकाण कळवतो."

बसमध्ये हळहळ पसरली. मीही चेहरा पाडला, पण मनातून मी इच्छादेवीचे आभार मानले. सहापर्यंत सुट्टी! तीही बुऱ्हाणपुरात! इतिहासाची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

धर्मशाळेत सकाळच्या नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी होती. खिचडी माझा जीव की प्राण. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. आज खिचडीच का, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

खिचडी पोटात गेल्यावर माझ्यातला वक्ता जागा झाला. अंगणात बसलेल्या मंडळींना मी सांगायला लागलो, की खुलदाबादला ज्यांचा दर्गा आहे त्या सूफी संत बुऱ्हानुद्दीन यांच्या नावावरून हे गाव वसलं. ही फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. 1601 साली अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. 1615 साली इंग्रजांचा वकील टॉमस रो जहांगीराकडे जाताना इथे थांबला, शाहजादा परवेझला त्याने दारूच्या बाटल्या नजर केल्या आणि शाहजादे त्यातच इतके रमले, की पुढची भेट राहूनच गेली. 1681 साली संभाजी महाराजांच्या फौजेने इथे छापा घालून अफाट लूट नेली.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "ते सगळं खरं हो. पण इकडे केळी स्वस्त असतात म्हणे, ती कुठे मिळतील?"

सगळं अंगण केळ्यांच्या शोधात निघून गेलं. उरलो मी आणि बायको. ती म्हणाली, "अहो, मीही जाते त्यांच्याबरोबर. आणि टोपी काढू नका, ऊन फार आहे."

टोपी हा या कथेतला कळीचा मुद्दा आहे. यात्रेत कुणी हरवू नये म्हणून भाऊंनी सगळ्या पुरुषांना एक गणवेश नेमून दिला होता: पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. कपाळावर गोपीचंदन आणि बुक्का रोज सकाळी भाऊ स्वतः लावत. माझे शर्ट-पँट बसच्या डिकीत होते आणि डिकी बससकट गॅरेजमध्ये. त्यात माझं पोट आणि पिकलेल्या मिश्या. आरशात पाहिलं तेव्हा क्षणभर माझाच हात जोडला गेला.

रिक्षावाल्याचाही जोडला गेला. "बसा महाराज, कुठे सोडू?" मी कमावलेल्या हिंदीत "हमको शाही किला देखने का है" असं म्हणालो, तर तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "महाराज, मामा माझे रावेरचे. मराठीतच बोला. पण तुम्ही किल्ल्यात काय करणार? स्वामीनारायण मंदिर दाखवतो." वास्तविक इथेच त्याला सांगायला हवं होतं, की बाबा रे, मी सेवानिवृत्त कारकून आहे. पण नोकरीत उभ्या जन्मात 'महाराज' सोडा, 'साहेब'सुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं, किल्ल्यापर्यंत राहू द्यावं.

तापीच्या काठावर उभ्या असलेल्या शाही किल्ल्यात मोगली हमामखाना आहे. छताच्या गिलाव्यावरची रंगीत नक्षी बरीच पुसट झालीय, तरी मान मोडेपर्यंत बघत राहावं अशी. मी मान मोडून बघत असतानाच एक शाळेची सहल आत शिरली. गुरुजींनी मला पाहिलं आणि मुलांना हात जोडायला लावून म्हणाले, "महाराज, मुलांना दोन शब्द सांगा."

आयता श्रोता समोर, तोही केळी घ्यायला जाऊ न शकणारा! मी सुरू झालो. 1631 साली याच बुऱ्हाणपुरात शाहजहानची बेगम मुमताज महल वारली, चौदाव्या बाळंतपणात. सुरुवातीला तिला पलीकडच्या तीरावर, जैनाबादच्या आहुखान्यात पुरलं होतं. सहा महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेलं आणि मग ताजमहाल झाला. चौदापैकी किती मुलं जगली, हेही मी सांगणार होतो. मुलं तोंड उघडं टाकून बघत होती. एका मुलीने विचारलं, "चौदा?" गुरुजींचा चेहरा लाल झाला. महाराजांच्या मुखातून बाळंतपणं ऐकायची तयारी करून ते आले नव्हते. "महाराज," ते घाईने म्हणाले, "अभ्यास आणि आईवडिलांची सेवा याविषयी सांगितलं असतं तर..." मी अभ्यास करा म्हणालो. मुलांनी ओळीने पाया पडून घेतलं.

तिथून जामा मशीद. मला बघायचा होता तो तिथला संस्कृत शिलालेख. फारुकी राजा अली खान याने ही मशीद बांधली आणि आत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृतातही लेख कोरून घेतला. सुलतानांची वंशावळ, शके 1511, महिना, तिथी, सगळं पंचांगासकट. मशिदीच्या भिंतीवर पंचांग, हे वाचलं तेव्हापासून मला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. तिथल्या वयस्क चाचांनी मला अदबीने लेखापाशी नेलं आणि म्हणाले, "महाराज, ये तो आप के लिए बाएँ हाथ का खेल है. पढ़िए."

शाळेत मी संस्कृत घेतलं होतं, ते मार्क जास्त पडतात म्हणून. मार्क पडले आणि संस्कृतही तिथेच पडलं. मी चष्मा पुसला, दगडाजवळ नाक नेलं, एक 'श्री' ओळखला आणि डोळे मिटून मान डोलावली. चाचा बराच वेळ थांबले. मग, महाराज मौनात गेले असं समजून, त्यांनीच हळू आवाजात सांगायला सुरुवात केली: इथे राजांची नावं, इथे तिथी, इथे महिना. चाचांचं बोट एकेका ओळीवरून सरकत होतं, आणि मी समाधी लागल्याप्रमाणे "हं" म्हणत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर कपडे तरी कोरडे राहिले असते. पण कुंडी भंडारा बघितल्याशिवाय बुऱ्हाणपूर सोडणं म्हणजे पाप. दोहे रचणारा रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, इथला सुभेदार असताना 1615च्या सुमारास ही पाण्याची योजना झाली. सातपुड्यावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत जातं. ते वाटेतच भुयारात अडवायचं आणि निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणायचं. ना मोट, ना रहाट. हे तंत्र इराणातलं, आखणीही इराणी जाणकाराची. भुयारावर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे हवा-उजेडासाठी ठेवलेल्या विहिरी. एका कुंडीत लिफ्ट बसवलीय. मी पायजमा गुडघ्याच्या वर खोचून 80 फूट खाली उतरलो.

खाली गारवा, पायाखाली नितळ पाणी, आणि भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर. चारशे वर्षं हे पाणी विजेवाचून वाहतंय. माझ्या सोसायटीत दर उन्हाळ्यात पंपावरून भांडणं होतात, त्याची लाज वाटली. त्या लाजेत वर बघत चालायला गेलो, पाय घसरला आणि मी रहीमच्या योजनेत कमरेपर्यंत बसलो. वर आलो तेव्हा पायजमा ओला, झब्ब्याला पांढरे पट्टे आणि टोपीतून थेंब गळतायत. रिक्षावाला गहिवरला. "महाराज, स्नान करून आलात!"

आता भूक लागली होती. बुऱ्हाणपूरची मावा जलेबी जाडजूड, काळसर तपकिरी आणि पाकात मुरलेली असते. दुकानदाराने द्रोणात गरमागरम दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. पहिला तुकडा जिभेवर विरघळतोय न विरघळतोय तोच शेजारून एक आजी म्हणाल्या, "महाराज, आज एकादशी ना?"

खिचडीचा उलगडा त्या क्षणी झाला.

भोवती सात-आठ माणसं जमली. वारकरी वेशातला माणूस, एकादशीचा दिवस, हातात जलेबी! मी म्हणालो, "मावा तर दुधाचाच." एक गृहस्थ म्हणाले, "बरोबर, दूध चालतं." आजी म्हणाल्या, "आणि आत कसलं पीठ घातलंय ते?" यावर दुकानदार, गृहस्थ आणि रिक्षावाला यांच्यात असा शास्त्रार्थ झडला, की तेवढ्यात मी द्रोण संपवला. आजींनी ते पाहिलं. "असू दे," त्या म्हणाल्या, "चुकून घडलं असेल. चला, देवापुढे उभे राहा म्हणजे सगळं धुऊन निघेल. आमचे बुवा रावेरला अडकलेत. पांडुरंगानेच तुम्हाला धाडलं बघा."

पुढचं काही माझ्या हातात नव्हतं. गल्लीतल्या छोट्या विठ्ठल मंदिरात बायकांचं भजनी मंडळ बसलं होतं. मी उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच जिच्या गळ्यात वीणा होती ती मावशी उठली, तिने वीणा माझ्या गळ्यात घातली, पाया पडली आणि घरी जनावरांचं बघायला निघून गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीणा खाली ठेवायची नसते. वीणेकऱ्याने उभं राहायचं, नामघोष चालू ठेवायचा, आणि दुसऱ्या कुणी येऊन, एकमेकांच्या पाया पडून, ती आपल्या गळ्यात घेतली तरच सुटका. मी डावीकडच्या बाईंकडे पाहिलं. त्या लाजून म्हणाल्या, "महाराज असताना आम्ही कशा घेऊ?" उजवीकडे पाहिलं. तिकडेही तेच. हरिपाठाचा पहिला अभंग सोडला तर पुढचे मी आयुष्यभर ओठ हलवून निभावलेत. इथे सगळ्यांच्या नजरा माझ्या ओठांवर. सूर चुकला की आजी डोळे मिटून म्हणत, "वेगळी चाल आहे महाराजांची."

ओल्या पायजम्याला पंख्याचा वारा लागत होता. पोटात जलेबी आणि अपराध दोन्ही ढवळत होते. गुडघे इच्छादेवीची आठवण काढत होते. अखंड नामस्मरणातून पळालेला मी अखंड नामस्मरणात उभा होतो, तेही पुशबॅक सीटशिवाय.

सहाच्या ठोक्याला बाहेर ओळखीचा टाळ वाजला. मंदिराच्या दारात भाऊ, मागे काकू, केळ्यांचे घड आणि आमची सगळी बस. हरिपाठासाठी भाऊंनी सकाळीच ठरवून ठेवलेलं ठिकाण हेच होतं. भाऊ मला पाहून थबकले. त्यांचे डोळे भरून आले. "आम्ही केळी घेत फिरलो," ते सगळ्यांना म्हणाले, "आणि हे दिवसभर इथे वीणा घेऊन उभे!" त्यांनी माझ्या पाया पडून वीणा घेतली. बायको जवळ आली. माझ्या झब्ब्यावरचे पट्टे, पायजमा, मिशीला लागलेला पाक, सगळं तिने नीट निरखलं. "एकादशी मोडलीत ना?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला पहिली सीट मिळाली आणि उज्जैनपर्यंत वीणा माझ्याकडेच होती.

या सगळ्यात माझा आहुखाना राहिला, खरबुजा महाल राहिला, तापीपारचा सूर्यास्त राहिला. असीरगड बसच्या खिडकीतून दिसला, तोही नामघोष करता करता. तेव्हा वाचकहो, बुऱ्हाणपूरला जरूर जा. भुसावळहून रेल्वेने तासाभराचं अंतर आहे. निदान दोन दिवस हाताशी ठेवा, कुंडी भंडाऱ्यात खाली बघून चाला, आणि जामा मशिदीत चाचा सांगतील ते मुकाट्याने ऐका. जाताना अंगात साधा शर्ट-पँट असू द्या. आणि मावा जलेबी खायची असेल तर निघण्यापूर्वी कालनिर्णय उघडून एकादशी कधी आहे तेवढं बघा.