आधी लेन्स, मग जंगल

वन्यजीव छायाचित्रणाचा श्रीगणेशा हल्ली दुकानात होतो. ६०० मिलिमीटरची लेन्स, तिचा हप्ता, मग झाडपाल्याच्या छपाईचे कपडे. ते घालून ताडोबात उघड्या जिप्सीत उभं राहायचं. वाघाला पत्ता लागू नये म्हणून! मोहर्लीच्या वाटेवर नीलपंख समोर फांदीवर बसलेला असतो, पण गाडी थांबवायची कुणाची हिंमत? पुढे वाघीण निघालीय. ती रस्ता ओलांडते, शटर कडकडतात, घरी येऊन बघावं तर शेकडो फोटोंत शेपूट तेवढी स्पष्ट. (बरं, फोकस कुठे धरावा हे शिकायला सवड कुणाला होती?) नवशिक्यांनो, आधी परसातला दयाळ टिपा. त्याला बुकिंग लागत नाही आणि ताडोबाच्या गाभाक्षेत्रासारखी मंगळवारची सुट्टीही नसते.