हाताची घडी, तोंडावर बोट

"शांत राहायला शिका," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या दंडावरचा पट्टा फर्रकन ओढून काढला. रक्तदाब १६०/९८ होता.

मला हसूच आलं. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, म्हणजे खरं तर एकतीस वर्षं "शांत बसा" म्हटलं आणि मधल्या फटींत जमेल तेवढा इतिहास-भूगोल कोंबला. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा मंत्र मी जितक्या वेळा उच्चारला, तितक्या वेळा कुणी रामनाम घेतलं असतं तर त्याला न्यायला विमान आलं असतं. एवढ्या तपश्चर्येनंतर मला ज्ञान मिळालं ते असं, की "शांत बसा" म्हटल्याने कुणी शांत बसत नाही. फार तर पुढचे दोन बाक बसतात, आणि ते आधीपासून शांतच असतात. डॉक्टर वयाने लहान होते. त्यांना हे अजून कळायचं होतं.

त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं, आणि मी दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाले, "ध्यान वगैरे करून बघा." माझी पुढची दोन वर्षं या 'वगैरे'मध्ये गेली.

सुरुवात घरीच केली. पहाटे देवघरासमोर चटई टाकली, डोळे मिटले, श्वासाकडे लक्ष दिलं. पहिला श्वास आला, गेला. दुसरा आला तो दूधवाल्याचा हिशेब घेऊनच. तिसऱ्याबरोबर १९९८ साली माझ्या नणंदेने काढलेले उद्गार आले. माझं मन म्हणजे हुबेहूब आठवी ब. बाई फळ्याकडे वळल्या रे वळल्या की मागे कुजबुज, खडूचा उडता तुकडा, कुणाचा तरी डबा उघडल्याचा वास. मी आतल्या आत ओरडले, "कोण बोलतंय तिकडे?" त्यावर सगळं मन एका सुरात म्हणालं, "मी नाही बाई, हा!"

इतक्यात स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज, "अगं, किती शिट्ट्या झाल्या?" ध्यानाला बसलेलं माणूस कुकरच्या शिट्ट्या मोजत नसतं, असं मी त्यांना मागाहून बजावलं. खरं सांगायचं तर तीन झाल्या होत्या.

म्हणून मग इगतपुरी. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर. कल्याणला गाडी बदलून कसारा घाट चढले, तेव्हा डोंगर पावसात बुडालेले होते आणि सोनेरी पॅगोडाचं टोक तेवढं ढगातून बाहेर आलेलं. धम्मगिरी केंद्राच्या दारात मोबाइल जमा, पुस्तकं जमा, वही-पेन जमा. पेन देताना हात जरा अडखळला. लाल होतं.

आर्यमौन म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे. खुणासुद्धा करायच्या नाहीत. पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि चुरमुरे, की मग दुसऱ्या सकाळपर्यंत हरी हरी. दिवसाचे दहा तास बसून काढायचे. शिवाय पंचशील पाळायचं. त्यातली चोरी, खोटं बोलणं, नशापाणी वगैरेंबद्दलची शीलं मला जड नव्हती. पण हिंसा करायची नाही हे शील माझ्या खोलीतल्या डासांना माझ्याआधीपासून पाठ होतं. ते येऊन सावकाश, जागा निवडून बसत.

पहिले तीन दिवस फक्त नाक. येणारा श्वास, जाणारा श्वास, आणि तो जिथे लागतो ती नाकाखालची टीचभर जागा. सर्दी सोडली तर मी या भागाकडे साठ वर्षांत लक्ष दिलेलं नव्हतं.

ज्यांच्यामुळे ही विद्या आपल्याकडे परत आली त्या गोएंका गुरुजींची गोष्ट मी आधी वाचली होती. ब्रह्मदेशात मोठा व्यापार, आणि डोक्यात भयंकर अर्धशिशी. देशोदेशीचे डॉक्टर झाले. शेवटी १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू कुणी जटाधारी नव्हते, सरकारी महालेखापाल होते. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं सांगून त्यांनी गोएंकांना आधी परतच पाठवलं होतं. ऑडिटवालाच तो, हेतू कुठल्या खात्यात टाकायचा हे बरोबर ओळखणार. मी पर्समध्ये १६०/९८ चा कागद ठेवून आले होते. ही गोष्ट आठवली की कॉपी करताना सापडल्यासारखं व्हायचं.

चौथ्या दिवशी अधिष्ठान सुरू झालं. एक तास हलायचं नाही. पंधरा मिनिटं झाली आणि माझा डावा गुडघा करंगळी वर करून उभा राहिला. "बाई, जाऊ?" नाही, बस. "बाई, खरंच लागलीय." मघाशी सुट्टीत काय करत होतास? असा आमचा संवाद दोन दिवस चालला. सहाव्या दिवशी मीच दमले आणि त्याला काही बोललेच नाही. तो करंगळी वर करून उभा, मी त्याच्याकडे बघतेय. जाऊ देत नाही आणि बसही म्हणत नाही. आता तिथे कळ आहे, आता ती पसरतेय, आता थोडी गरम, आता नुसती मुंग्यांसारखी. किती वेळ गेला कोण जाणे, त्याने आपणहून करंगळी खाली घेतली. एकतीस वर्षांत वर्गात मी हे कधी करून पाहिलं नव्हतं. मला गहिवरून आलं. तेवढ्यात उजव्याने करंगळी वर केली.

दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि बायकांच्या आवारात एकदम मधली सुट्टी झाली. शेजारच्या आसनावरच्या बाई दहाही दिवस ताठ बसलेल्या. मी मनातल्या मनात त्यांना शिष्ट ठरवून टाकलं होतं. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही पोलिसात होतात का हो? तुम्ही शेजारी होतात म्हणून मी हलले नाही."

मोबाइल हातात आला. ह्यांचे चार निरोप होते. पहिल्या दिवशीचा, 'हिंग कुठे आहे?' दुसऱ्या दिवशीचा, 'सापडला.' लगेच त्याच्याखाली, 'तो हिंग नव्हता.' आणि मग थेट आठव्या दिवशीचा, 'आता बरं आहे.'

एवढी कमावलेली शांती पुणे स्टेशनच्या बाहेर येईपर्यंत व्यवस्थित टिकली. तिथे पहिल्या रिक्षावाल्याने मीटरने यायला नकार दिला आणि मी त्याला आर्यसत्यं सोडून बाकी सगळं सुनावलं. रिक्षा निघून गेली. विक्रम राजाचं असंच व्हायचं. चोवीस वेळा तोंड उघडलं आणि चोवीस वेळा वेताळ खांद्यावरून उडून परत झाडावर. पंचविसाव्या वेळी मात्र राजा गप्प बसला म्हणतात. राजाला कोथरूडला जायचं नव्हतं.

मधल्या काळात बागेतला हास्यसंघही झाला. हे प्रकरण मुंबईत लोखंडवाला संकुलातल्या बागेत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी चार माणसं जमवून सुरू केलं. आधी म्हणे ते एकमेकांना विनोद सांगून हसायचे. पंधरा दिवसांत चांगले विनोद संपले. (मराठी विनोदी लेखकांनी यातून काही बोध घ्यावा.) मग बिनविनोदाचं हसायचं ठरलं. हो हो, हा हा हा! माझी पंचाईत इथेच झाली. कारण नसताना कुणी हसलं की "काय रे, आम्हालाही सांग, आम्हीही हसू" असं म्हणण्यात माझी हयात गेली. पाचव्या दिवशी समोरचे आजोबा दोन्ही हात वर करून हसत असताना ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. आजोबांनी दचकून हात खाली घेतले. पुन्हा मी तिकडे गेले नाही.

राहता राहिली वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून आठशे मीटर. पण पुणं स्वतःच साडेपाचशेच्या आसपास बसलेलं, त्यामुळे आपल्या वाट्याला अडीचशे मीटरच उरतात. पहिल्या दिवशी मी त्यातले शंभर चढले आणि एका दगडावर बसले. तो दगड नेमका तिथे जमणाऱ्या कट्ट्यातल्या एकांचा होता. बारा वर्षांपासूनचा. ते माझ्यासमोर नुसते उभे राहिले. पुण्यात याला बोलणंच म्हणतात. शेवटी थर्मासवाल्या काकूंनी मध्यस्थी केली, मला शेजारचा जरा खडबडीत दगड मिळाला, आणि मी कट्ट्याची सभासद झाले.

या कट्ट्यावर कुठल्याही गोष्टीवर एकमत नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका टेकडीवरच्या खाणीतल्या पाण्याची खोली सांगतात, ती दर आठवड्याला वेगळी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उंदीरमारी गुलाबी फुलते. ती पाहून निम्मे लोक 'वा!' म्हणतात आणि उरलेले निम्मे हे झाड परदेशी कसं आणि वन खात्याने ते लावून कसा घोळ केला यावर वीस मिनिटं बोलतात. कुणाचा गुडघा बदललाय, कुणाचा मुलगा न्यू जर्सीत आहे आणि रविवारीच फोन करतो, कुणाला रात्री झोप लागत नाही. सगळे एकाच वेळी बोलतात. मी पहिल्या दिवशी डस्टर शोधत होते.

मागच्या वर्षी ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी कट्ट्यावर कुणाला सांगितलं नव्हतं, नुसती दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयात चार घरांतून चार डबे आले. चारही डब्यांत मुगाची खिचडी. एकीत मिरे, एकीत ओलं खोबरं, एक इतकी पातळ की ती पाटबंधारे खात्याचीच असणार हे न सांगता कळलं, आणि काकूंच्या खिचडीत सढळ हाताने हिंग. ह्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा तो." मी व्हरांड्यात जाऊन ती थंड खिचडी खाल्ली आणि तिथे, चपलांच्या शेजारी बसून, बऱ्याच दिवसांनी पोटभर रडून घेतलं.

आणि २०२३ च्या उन्हाळ्यात तर या माणसांनी कमालच केली. टेकडी फोडून रस्ता आणि बोगदे न्यायच्या योजनेविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात उंदीरमारीचे समर्थक आणि विरोधक एकाच फलकाची दोन टोकं धरून चालले. घोषणा द्यायचं काम माझ्याकडे आलं. ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही. घरी येऊन रक्तदाब मोजला, १३०/८२. डॉक्टरांना म्हटलं, शांत राहून नाही, ओरडून उतरला. त्यांनी यंत्र बदलून पाहिलं.

कट्ट्यावर आता आठवी बमधला एक जण येतो. मागच्या बाकाचा. त्रेचाळीस वर्षांचा आहे, निम्मं टक्कल पडलंय, त्यालाही ध्यान वगैरे सांगितलंय. पहिल्यांदा मी दिसले तेव्हा त्याने हातातला मोबाइल पाठीमागे लपवला होता.

परवा पाऊस नुकता थांबलेला. कट्ट्यावर नेहमीचा कल्ला चाललेला आणि एकाएकी सगळे गप्प झाले. मला वाटलं, मुख्याध्यापक आले. समोरच्या ओल्या गवतातून एक लांडोर पायवाटेवर आली होती, आणि तिच्यामागे चार पिल्लं. काकूंनी थर्मासचं झाकण अर्धवट फिरवून तसंच धरलं. कुणीतरी धापा टाकत चढत होतं, तेही तिथेच उभं राहिलं. गवतावरचं पाणी टपटपतंय ते ऐकू येत होतं. लांडोर मान वळवून आमच्याकडे बघून पुढे निघाली. तीन पिल्लं तिच्यामागे सरळ, आणि चौथं आपलं भलतीकडेच, दगडाखाली काहीतरी टोचत बसलेलं. रांग मोडली होती. मी बोट उगारलं, तोंड उघडलं.

"बाई," मागून अगदी हळू आवाज आला, "तोंडावर बोट."