वाटा कुणी कुणाकडे मागायचा?

महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला. परवाना, नियंत्रण, कर, सगळं त्यात होतं. तो लागू करणारी अधिसूचना तेवढी कधी निघाली नाही. ४७ वर्षं कायदा धूळ खात पडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो मोडीत काढायचं ठरवलं. बरं झालं. लोणावळ्याच्या बंगल्यांत जुगारावर पडणाऱ्या धाडी आम्हाला पुरेशा आहेत, त्यावर सरकारी परवान्याचं तोरण नको.

तरी कॅसिनोवाल्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद मला अजून छळतो: ‘राज्याला महसूल मिळाला असता.’ राज्याला म्हणजे कुणाला? गोव्यात मांडवीत तरंगणाऱ्या कॅसिनोंवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. त्यातला अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. नदीकाठच्या माणसाचं नाव त्या वाटणीत कुठेच नाही.

अमेरिकेत आदिवासी जमाती स्वतःच्या भूमीवर कॅसिनो चालवतात. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने तो पैसा जमातीचा कारभार, तिचं कल्याण, तिचा विकास अशा ठरावीक कामांनाच बांधून दिला आणि राज्याला त्यावर कर लावायची बंदी घातली. राज्याला हवं असेल तर जमातीशी करार करायचा आणि बदल्यात काहीतरी द्यायचं. कनेक्टिकटने तसंच केलं: स्लॉट मशीनचा मक्ता जमातींकडे ठेवला, तेव्हा कुठे त्या उत्पन्नाचा २५ टक्के वाटा राज्याला मिळाला. कॅलिफोर्नियात तर कॅसिनो नसलेल्या जमातींना कॅसिनोवाल्या जमातींच्या पैशातून वर्षाला ११ लाख डॉलरपर्यंत मिळतात. जुगाराने तिथेही घरं बुडतात, आणि तो धंदा मला इथे नकोच आहे. पण तिथे राज्य जमातीच्या दारात उभं राहतं, हे मला हवं आहे.

आता मावळात, पुणे-लोणावळा लोकलच्या घोरावाडी स्थानकावर या. एक्स्प्रेस गाड्या धडधडत निघून जातात, लोकल थांबते. पुढे तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. उन्हाळ्यात या पट्ट्यात ठाकर-कातकरी बाया पाटीत करवंदं घेऊन बसतात. पानाचा द्रोण भरून देतात आणि मोटारीतला माणूस काच खाली करून त्यावरही घासाघीस करतो. मावळाने काय दिलं नाही? टाटांच्या धरणांचं पाणी १९१५ पासून खोपोलीत वीज करतंय. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, आणि ते बंद जलवाहिनीतून न्यायला विरोध केला म्हणून ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. द्रुतगती मार्ग इथूनच गेला, टोल उर्से नाक्यावर कापला जातो. या कशातून डोंगरकडेच्या वाडीला ठरलेला टक्का मिळतो?

सरकारला टक्का ठरवता येत नाही, असं मात्र नाही. जमीन-बंगल्यांच्या खरेदीवरच्या १ टक्का मुद्रांक अधिभाराचा पैसा जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींकडे येतोच. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचे ५ टक्के थेट पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना मिळतात आणि ते कशावर खर्चायचे हे ग्रामसभा ठरवते. पण पेसा अनुसूचित क्षेत्रापुरता. पुणे जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरचा आदिवासी भाग त्यात आहे, मावळ नाही. कातकरी आदिम जमात म्हणून सरकारच्याच यादीत. तरी हद्दीची रेघ तालुक्याच्या पलीकडून गेली म्हणून इथल्या कातकरवाडीला तो थेट पैसा नाही. रेघ सरकारने ओढली, वाडीने नव्हे.

म्हणून मावळच्या आमदारांकडे मागणं एवढंच आहे. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न लावा: मावळातून टोल, पाणी, वीज आणि मुद्रांक शुल्कापोटी गेल्या वर्षी किती रुपये गोळा झाले, आणि त्यातले किती तालुक्यातल्या ठाकरवाड्या-कातकरवाड्यांपर्यंत पोचले? उत्तर वाडीवार मागा. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ या ओळीवर खाली बसू नका.