थोरलीचं करडू

ख्रिस्ती आईबापांना एक खोड असते. पोरांच्या हातून काहीही घडो, त्यात आम्हाला वचन दिसतं. मोजा हरवला की हरवलेलं मेंढरू, दूध सांडलं की क्षमा, लाइट गेली की जगाचा प्रकाश. पोरगं अंधारात चप्पल चाचपडत असतं आणि आई मत्तयाच्या पाचव्या अध्यायात पोहोचलेली असते.

त्यात आमचं घर मंगळवार पेठेत. प्रवचनाला लागते ती शांतता इथं मिळायची नाही. जवळच तालीम, कोपऱ्यावर मंडळाचा फलक, संध्याकाळी खासबागेत भेळेच्या गाड्यांवर निम्मं कोल्हापूर, आणि फुटबॉलचा सीझन असला की सगळ्या पेठेचा जीव शाहू स्टेडियमवर. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. त्याचं कुणाला काही वाटत नाही. नाताळात आमच्या करंज्या गल्लीभर फिरतात, गणपतीत मोदक आमच्याकडे येतात, आणि शेजारच्या काकू दर रविवारी मला दारातच विचारतात, "जाऊन आलासा काय प्रार्थनेला?"

कोल्हापुरातलं वायल्डर मेमोरियल चर्च ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, ते रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना मिशनकार्याला बाहेर काढणाऱ्या स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळीचा एक प्रवर्तक झाला. काम मोठंच. मला मात्र कुतूहल भलतंच आहे. मिशनऱ्याच्या घरातलं ते पोरगं रात्रीच्या प्रार्थनेत मागत काय असेल?

आमचा धाकटा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा विजय मागतो. एकदा शिवाजी तरुण मंडळाशी मॅच होती, तेव्हा थोरलीनं उशीतून डोकं काढून त्याला विचारलं, "तिकडच्या पोरांनी पण अंबाबाईला मागितलं असंल. मग?" त्यानं थोडा विचार केला, पुन्हा डोळे मिटले आणि मागणी दुरुस्त केली. आपण जिंकावं, पण त्यांच्या गोलकीपरला लागू नये. चर्चमध्ये मोठ्यांच्या लांबलचक प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्या आहेत. प्रतिपक्षाच्या गोलकीपरपर्यंत फार थोड्या पोहोचतात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हाही हाच प्रकार. शाहू महाराजांच्या वेळचं ते थिएटर गेलं म्हणून पेठेतली मोठी माणसं डोळे पुसत होती. धाकट्यानं रात्री देवाला सांगितलं, "परत बांध." थोरली म्हणाली, "देव नाही बांधत, महानगरपालिका बांधती." "मग महानगरपालिकेला बांधायला लाव," असं म्हणून त्यानं आमेन करून टाकलं. यावर बोध करायला मला जागाच उरली नाही.

खरी पंचाईत होते ती पोरं शिकवलेलं अंमलात आणतात तेव्हा. संडे स्कूलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा धडा झाला: ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्यानं नसणाऱ्याला एक द्यावा. त्या आठवड्यात धाकटा खेळून आला तो एका पायात फुटबॉलचा बूट आणि दुसरा पाय चिखलात असा. दुसरा बूट कुठंय? तर तालमीमागच्या मित्राकडं. त्याच्याकडं बूटच नाहीत. "तो उजव्या पायानं मारतो, मी डाव्या. मग उजवा त्याला दिला." बूट नवे होते, पावती अजून माझ्या पर्समध्ये होती. मी असते तर जुने बूट धुऊन, पिशवीत घालून, नाताळाला दिले असते, आणि वर चार जणांना कळेल अशी व्यवस्था केली असती.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामन टिळक हातातलं दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे, आणि संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं हे लक्ष्मीबाईंनी बघायचं. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येतं ते म्हणूनच. त्या घरात श्रद्धा आणि किराणा यांचं रोजचं भांडण आहे, आणि बाई दोघांचीही बाजू मांडतात. आमच्याकडच्या बुटाचा निकालही त्याच वळणानं लागला. दोघं अजून एकेका बुटावर खेळतात.

आता रविवारच्या मटणाचं सांगते. पांढरा रस्सा माझ्या सासूबाईंचा. त्यासाठी त्या महिन्यातून एक उपासना चुकवतात आणि देवाची त्याला हरकत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. त्या रविवारी धाकट्याच्या पोटात दुखत होतं म्हणून तोही घरी राहिला. आम्ही गल्ली ओलांडताच पोट बरं झालं आणि स्वारी गांधी मैदानावर. आम्ही परतलो, पानं वाढली, तरी त्याचा पत्ता नाही. मग गल्लीच्या तोंडाशी तो दिसला, डोक्यापासून पायापर्यंत माती. गुडघ्यांनी बेजार असलेल्या सासूबाई सगळ्यांच्या आधी उठल्या, त्याला दारातूनच आत ओढलं, हातपाय धुतले आणि पातेल्यातली एकुलती एक नळी त्याच्या ताटात वाढली.

थोरली ताटावरून उठली ती थेट बाहेर कट्ट्यावर.

"मी सकाळपास्नं चर्चमध्ये. वचन पाठ म्हटलं. आणि नळी त्याला?" आजी आतूनच म्हणाली, "अगं, उपाशी आलंय लेकरू." "मी काय जेवून बसलीया होय?"

गंमत अशी की तासाभरापूर्वी संडे स्कूलमध्ये तिनं उधळ्या पुत्राचीच गोष्ट सांगितली होती, तीही न अडखळता. धाकट्यासाठी पोसलेलं वासरू कापलं आणि राबणाऱ्या थोरल्याला मित्रांबरोबर खायला कधी एक करडूही मिळालं नाही, हेही तिनं सांगितलं होतं. मी कट्ट्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. खोड उफाळून आली होतीच, वचन जिभेवर होतं. तेवढ्यात तिनंच विचारलं, "मग तो मोठा भाऊ आत गेला का जेवायला?"

लूकच्या पंधराव्या अध्यायात याचं उत्तर नाही. बाप बाहेर येतो, थोरल्याची समजूत काढतो, आणि गोष्ट तिथंच संपते. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतेय, पण थोरला अंगणातच उभा राहिलाय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाळकसाहेबांचं प्रवचन नेहमी धाकट्यावरच असतं. मी तिला खरं ते सांगितलं, की लिहिलेलं नाही.

"गेला असणार," ती म्हणाली. "भूक लागली असणार की." आणि उठून आत गेली.

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग उपासनेच्या वेळेपर्यंत काही हलत नाही, आणि नळ्या तर आधीच संपतात. ज्यांना चर्चला जायचंय आणि ज्यांच्या घरी दोन पोरं आहेत, त्यांनी खाटकाला शनिवारीच सांगून ठेवावं. आणि नळ्या दोन सांगाव्यात.